पाहुण्याकडून कुणी पैसे घेतं का?
परदेशातले शेतमजूर, त्यांचे परवाने आणि आपल्या डोंगरातले स्थलांतर



दिवाळीनंतरचे दिवस आमच्या भागात निरोपाचे असतात. धडगाव, अक्कलकुव्याच्या डोंगरातून ट्रक आणि पिकअप भरून माणसे खाली उतरतात. सोबत भांडी, गोधड्या, कोंबड्यांची टोपली, तान्ही मुले आणि कोयते. ही माणसे बारडोली, सुरतेकडच्या उसात जातात. बरीच जण होळीला घरी येतात आणि होळी झाली की हंगाम संपेपर्यंत पुन्हा जातात.

गेल्या दिवाळीनंतर याच गडबडीत एक तरुण मला भेटायला आला. बारावी झालेला, शांत स्वभावाचा मुलगा. त्याच्या फोनवर एक संदेश होता. अमेरिकेत शेतात काम, ‘पाहुणा कामगार’ म्हणून व्हिसा, राहणे-जेवण मोफत, महिन्याला दोन लाख रुपये. त्यासाठी आधी साठ हजार भरायचे आणि बाकीचे व्हिसा हातात आल्यावर. ‘फॉर्मचे’ म्हणून पाच हजार त्याने देऊनही टाकले होते, पावती मिळाली नव्हती. साठ हजारांसाठी त्याचे वडील मुकादमाकडून नेहमीपेक्षा मोठी उचल घेणार होते. म्हणजे मुलगा परदेशी जाईल या आशेवर आई-वडील आणि धाकटी बहीण असे तिघे पुढचे दोन हंगाम तरी बांधले जाणार होते.

तो म्हणाला, “ताई, तिथं आपल्याला पाहुणा म्हणतात म्हणे. मग पाहुण्याकडून कुणी पैसे घेतं का?”

मला उत्तर देता आले नाही. “आठ दिवस थांब, बाबाला उचल घेऊ देऊ नकोस,” एवढेच मी त्याला सांगितले. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या आपल्या एका वाचकांना विचारले, त्यांनी पाठवलेले कागद वाचले, काही जाणकारांशी बोलले. त्यातून जे समजले ते आज आपल्यापुढे ठेवत आहे. हा प्रश्न त्या एका मुलापुरता नाही.

हातांना बोलावले, माणसांना नाही

अमेरिकेत शेतीसाठी बाहेरून मजूर आणण्याची पद्धत जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथली माणसे सैन्यात आणि कारखान्यांत गेली, शेतात हात कमी पडले. तेव्हा १९४२ मध्ये अमेरिका आणि मेक्सिको या दोन सरकारांनी करार केला. मेक्सिकोतून पुरुष हंगामापुरते यायचे आणि काम संपले की परतायचे. या योजनेला ‘ब्रासेरो’ म्हणत. स्पॅनिश भाषेत ‘ब्रासो’ म्हणजे बाहू. नावातच सांगून टाकले होते की बोलावणे हातांना आहे.

युद्ध संपले तरी योजना चालू राहिली, ती थेट १९६४ पर्यंत. या २२ वर्षांत ४५ लाखांहून अधिक करार झाले. कागदावर मजुरीची हमी होती, निवाऱ्याची आणि परतीच्या प्रवासाची सोय होती. प्रत्यक्षात तक्रार करणाऱ्याला पुढच्या वर्षी बोलावणे येत नसे, त्यामुळे तक्रार करायला कुणी धजत नसे. १९६३ च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियात चुआलार गावाजवळ एका रेल्वे फाटकावर मालगाडीने मजुरांच्या गाडीला धडक दिली आणि ३२ जण मेले. ती गाडी म्हणजे बाके टाकून बस केलेला मालट्रक होता. हे वाचताना आमच्या घाटातून उतरणारे ट्रक माझ्या डोळ्यांसमोर आले.

या योजनेतली आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. सुरुवातीच्या वर्षांत मजुरीतले दहा टक्के ‘बचत’ म्हणून कापले जात आणि ते मेक्सिकोत परतल्यावर मिळायचे होते. अनेकांना ते मिळालेच नाहीत. पुढे कित्येक दशकांनी म्हाताऱ्या झालेल्या मजुरांनी दावे मांडले, तेव्हा त्यांच्याकडे मूळ करार आणि पगाराच्या पावत्या मागितल्या गेल्या. ज्यांनी कागद जपून ठेवले होते त्यांचे काही जमले. ज्यांचे कागद हरवले होते त्यांच्याकडे घाम गाळल्याचा पुरावा उरला नव्हता.

आजचा परवाना काय देतो, काय देत नाही

आज तिथे हंगामी शेतमजुरीसाठी ‘एच-२ए’ नावाचा व्हिसा आहे. त्याचे मूळ १९५२ च्या कायद्यात आहे आणि १९८६ मध्ये शेतीसाठी तो वेगळा केला गेला. त्याच्या संख्येवर वरची मर्यादा नाही. साधारण २००५ मध्ये वर्षाला पन्नास हजारांच्या आत जागा मंजूर होत, २०२३ मध्ये हा आकडा पावणेचार लाखांच्या पुढे गेला. यातले बहुतेक मजूर मेक्सिकोचे असतात.

नियम वाचले तर ते चांगले आहेत. मालकाने आधी स्थानिक मजूर शोधायचे, जाहिरात द्यायची आणि ते मिळत नाहीत हे दाखवायचे, त्यानंतरच बाहेरून माणसे आणायची. राहायला जागा फुकट द्यायची. जेवणासाठी एकतर स्वयंपाकाची सोय मोफत द्यायची, किंवा तीन वेळचे जेवण देऊन त्याचे ठरलेले पैसेच कापायचे. निम्मा करार पूर्ण झाला की येण्याचा खर्च भरून द्यायचा आणि करार पूर्ण झाला की परतीचाही. करारात जेवढे तास लिहिले असतील त्यांतल्या निदान तीन-चतुर्थांश तासांची मजुरी द्यायचीच, मग पाऊस पडो की पीक बुडो. मजुरीचा किमान दर राज्यागणिक ठरलेला असतो.

आणि आपल्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तरही याच नियमांत आहे. कामाला लावून देण्यासाठी मजुराकडून पैसे घेण्यास मनाई आहे. मालकाने घ्यायचे नाहीत आणि त्याच्या दलालानेही नाहीत. त्यामुळे या व्हिसासाठी कुणी भरतीची रक्कम मागत असेल, तर त्याने पहिल्याच पायरीवर नियम मोडलेला असतो.

मग गोम कुठे आहे? हा व्हिसा एका मालकाशी बांधलेला असतो. दुसऱ्या मालकाने सरकारकडे नव्याने अर्ज केल्याशिवाय मजुराला तिकडे जाता येत नाही. मालकाने कमी पैसे दिले, शिव्या दिल्या, खोलीत दहाच्या जागी वीस माणसे कोंबली, तर मजुरापुढे सहन करणे किंवा देश सोडणे हेच दोन मार्ग उरतात. त्यात त्याने गावी कर्ज काढून दलालाला गुपचूप पैसे दिले असतील, तर परत जाणेही त्याला परवडत नाही. २०२१ मध्ये जॉर्जिया राज्यात सरकारने याच व्हिसाच्या गैरवापराबद्दल २४ जणांवर आरोप ठेवले. मजुरांकडून बेकायदा पैसे घेतले, त्यांची कागदपत्रे काढून घेतली आणि एका बादलीला २० सेंट या दराने उघड्या हातांनी कांदे काढायला लावले, असे त्या आरोपपत्रात होते.

नियम एवढे चांगले असून असे कसे घडते? याचे उत्तर आपल्या ऊसतोड कुटुंबांना सांगावे लागत नाही. कर्ज आधी झाले, काम नंतर लागले आणि मालक बदलायची सोय नसली, की कायद्याचे पान उलटायला मजुराकडे हात मोकळा राहत नाही.

परवान्याशिवायचे लोक आणि अडकलेली सुधारणा

व्हिसावर येणारे हे मजूर एकूण शेतमजुरांचा एक भाग आहेत. अमेरिकेत पिकांवर काम करणाऱ्या दर दहा मजुरांपैकी सुमारे चार जणांकडे कामाचा कायदेशीर परवानाच नाही. यांतले बरेच जण वीस-वीस वर्षे तिथे आहेत. मुले तिथेच जन्मली, शाळेत जातात, आणि तिथे जन्मल्यामुळे ती नागरिक आहेत. आई-वडील मात्र कुठल्याही दिवशी पकडले जाऊ शकतात.

यावर उपाय म्हणून १९८६ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी एका मोठ्या कायद्यावर सही केली. १ मे १९८६ रोजी संपलेल्या वर्षात ज्यांनी निदान ९० दिवस शेतात काम केले होते त्यांना कायदेशीर दर्जा मिळू शकत होता. सुमारे ११ लाख शेतमजुरांना तो मिळाला. मात्र पुढे येणाऱ्यांसाठी वाट नीट आखली गेली नाही. जुन्या मजुरांना कागद मिळाल्यावर त्यांतले अनेक शेती सोडून दुसऱ्या कामाला लागले, त्यांच्या जागी परवाना नसलेले नवे लोक आले, आणि प्रश्न पुन्हा उभा राहिला.

त्यानंतर तेवढी मोठी सुधारणा झालेली नाही. २०१३ मध्ये एक व्यापक विधेयक सिनेटमध्ये मंजूर झाले, पण दुसऱ्या सभागृहाने ते चर्चेलाच घेतले नाही. मग केवळ शेतमजुरांपुरते एक विधेयक आले. ते प्रतिनिधिगृहात २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये दोन्ही पक्षांच्या काही मतांनी मंजूर झाले आणि सिनेटमध्ये अडकले. मागच्या दोन वर्षांत निदान १८० दिवस शेतात काम केलेल्यांना साडेपाच वर्षांचा, पुढे वाढवता येणारा दर्जा द्यावा, असे त्यात होते. ज्यांचे शेतीतले काम दहा वर्षांचे आहे त्यांनी आणखी चार वर्षे आणि बाकीच्यांनी आणखी आठ वर्षे काम करावे, एक हजार डॉलर दंड भरावा, मग त्यांना कायमच्या वास्तव्याचा, म्हणजे ग्रीन कार्डाचा अर्ज करता यावा. त्या बदल्यात यापुढे प्रत्येक शेतमालकाने मजुराचे कागद सरकारी यंत्रणेतून तपासून घ्यावेत.

विरोध करणाऱ्यांचेही म्हणणे आहे. नियम मोडून आलेल्यांना बक्षीस दिले तर आणखी लोक तसेच येतील, असे काही म्हणतात. स्वस्त मजूर बाहेरून आले की स्थानिकांची मजुरी वाढत नाही, असे काही म्हणतात. उलट मजुरांच्या बाजूचे काही जण विचारतात, की आणखी आठ वर्षे शेतातच राबण्याची अट घालणे म्हणजे पुन्हा बांधून ठेवणेच नव्हे काय? या ओढाताणीत मजूर तिथेच आहे. त्याचे काम सगळ्यांना हवे आहे, त्याचे नाव नोंदवायचे कुणी, हे ठरत नाही.

तिथेही आदिवासीच

हे सगळे आपल्या अंकात का लिहावे, याचे एक कारण मला वाचताना सापडले. कॅलिफोर्नियात स्ट्रॉबेरी तोडणाऱ्या, द्राक्षे खुडणाऱ्या मजुरांना आपण सरसकट ‘मेक्सिकन’ म्हणतो. त्यांतले पुष्कळ जण मेक्सिकोच्या दक्षिणेकडच्या वाहाका राज्यातले आदिवासी आहेत. मिश्तेक, त्रिकी, झापोतेक ही त्यांच्या समाजांची नावे. त्यांच्या डोंगराळ गावांत मका पिकतो, पण वर्षभर पुरत नाही. म्हणून आधी ते स्वतःच्याच देशाच्या उत्तर भागातल्या मोठ्या शेतांवर जात आणि नंतर सीमेपलीकडे जाऊ लागले.

त्यांतल्या अनेकांना स्पॅनिश नीट येत नाही. त्यांची भाषा वेगळी, आणि तीही एका खोऱ्यात एक तर दुसऱ्या खोऱ्यात दुसरी. दवाखान्यात किंवा कोर्टात कधी कधी दोन दुभाषे लागतात. एक मिश्तेकचे स्पॅनिश करतो, दुसरा स्पॅनिशचे इंग्रजी करतो. मधल्या मुकादमाला स्पॅनिश येते आणि मजुराला येत नाही, म्हणून हिशोब मुकादम सांगेल तोच खरा ठरतो. सेथ होम्स नावाच्या डॉक्टर-अभ्यासकाने त्रिकी मजुरांसोबत राहून, त्यांच्याबरोबर शेतात फळे तोडून एक पुस्तक लिहिले आहे. शेतावरच्या उतरंडीत सगळ्यांत खाली, सर्वांत जास्त वाकून करायच्या कामात हेच लोक असतात, असे त्यांनी नोंदवले आहे.

पावरी बोलणारी आपली बाई सुरतेकडच्या दवाखान्यात बाळंतपणाला जाते, तेव्हा तिलाही गुजराती येत नाही. ती काय सांगते ते मुकादमाची बायको डॉक्टरांना सांगते. मला मिश्तेक बाईची गोष्ट समजायला दुभाषा लागला नाही.

आपला माणूस परका नाही, तरीही

एक मोठा फरक मात्र आहे. नंदुरबारचा माणूस गुजरातेत जातो तेव्हा त्याला कुठलाही व्हिसा लागत नाही. देशात कुठेही फिरण्याचा, राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क त्याला राज्यघटनेच्या १९ व्या कलमाने दिलेला आहे. मिश्तेक मजूर ज्या एका कागदासाठी वीस वर्षे झुरतो, तो आपल्या माणसाला जन्मतःच मिळाला आहे.

पण हक्क असणे आणि तो हातात असणे यांत अंतर आहे. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात काय होते ते पाहा. ठेकेदाराने परवाना घ्यायचा. प्रत्येक कामगाराला फोटो लावलेले पासबुक द्यायचे, आणि त्यात कामाचा दर, उचल, कपात हे सगळे कामगाराच्या भाषेतही लिहायचे. घर सोडावे लागते म्हणून विस्थापन भत्ता द्यायचा, जाण्या-येण्याचा खर्च द्यायचा. २०२० मध्ये संसदेने कामगार कायद्यांच्या संहिता केल्या, त्यांत हा कायदा सामावला गेला आणि ठेकेदाराशिवाय स्वतःहून गेलेल्यालाही स्थलांतरित कामगार मानले गेले. कागदावर हे अमेरिकेच्या व्हिसापेक्षा फार कमी नव्हते. पण आमच्या पाड्यांवर इतकी वर्षे फिरताना मी असे पासबुक एकदाही पाहिलेले नाही.

दुसरी अडचण जातीच्या दाखल्याची. अनुसूचित जमातींची यादी राज्यवार असते. महाराष्ट्रातले कुटुंब गुजरातेत जाऊन स्थिरावले तर आदिवासी म्हणून मिळणाऱ्या राज्याच्या सवलती आपोआप सोबत जात नाहीत.

तिसरी अडचण वनहक्काची, आणि ती मला सर्वांत जास्त टोचते. २००६ च्या कायद्याप्रमाणे १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर हक्क मागता येतो. त्यासाठी ग्रामसभा, पडताळणी, जमिनीची पाहणी होते. पाहणी हिवाळ्यात आली की माणूस उसात असतो आणि शेत रिकामे दिसते. ‘दावेदार गैरहजर’ असा शेरा पडतो. म्हणजे पोटासाठी चार महिने बाहेर गेला म्हणून घरच्या जमिनीवरही तो पाहुणा ठरतो. गावातल्या वयस्क माणसांचा लेखी जबाब हाही या कायद्यात पुरावा धरला जातो, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

त्या मुलाला काय सांगितले

आठ दिवसांनी तो आला. मी त्याला तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, ज्या व्हिसाचे नाव संदेशात आहे त्यासाठी मजुराकडून भरतीचे पैसे घेता येत नाहीत. दुसरी, परदेशी कामासाठी माणसे पाठवणाऱ्या दलालाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे नोंदणी लागते. नोंदणी असलेल्यांची यादी परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर पाहता येते, आणि असा दलालही सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये आणि वरचा कर याहून जास्त घेऊ शकत नाही, तेही पावती देऊन. तिसरी, त्या माणसाला नोंदणी क्रमांक विचार.

त्याने माझ्यासमोरच फोन लावला. नोंदणी क्रमांक विचारल्यावर पलीकडचा माणूस चिडला आणि म्हणाला, “भरोसा नसेल तर राहू दे.” दुसऱ्या दिवसापासून तो नंबर बंद आहे. पाच हजार गेले ते गेलेच. पोलिसांत तक्रार दिली आहे.

वडिलांनी नेहमीएवढीच उचल घेतली. मुलगा त्यांच्यासोबत उसात गेला. जाताना मी त्याला एक साधी दोनशे पानी वही दिली. उचल किती, कोणत्या तारखेला घेतली, रोज किती ऊस तोडला, काट्याची पावती किती टनांची, किराण्याला मुकादमाकडून किती घेतले, असे सगळे लिहायला सांगितले. होळीला तो घरी आला तेव्हा वही भरत आली होती. मुकादमाच्या हिशोबात तीन खेपा कमी लागल्या आहेत. मुकादम म्हणतो, हंगाम संपल्यावर बघू. निकाल काय लागेल ते मी आज सांगू शकत नाही. पण टोळीतल्या बाकीच्या अकरा कोयत्यांनीही आता त्याच्याकडून आपापले आकडे लिहून घ्यायला सुरुवात केली आहे.

आपल्याला काय करता येईल

येत्या दिवाळीआधी प्रत्येक पाड्यावर जाऊन पुढील कामे करण्याचा आमचा विचार आहे:

• जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला हंगामाची वही देणे, आणि लिहिता येणारा एक तरुण प्रत्येक टोळीत तयार करणे.

• रेशनकार्डाला आधार जोडून देणे, म्हणजे ‘एक देश एक रेशनकार्ड’ योजनेत गुजरातेतल्या दुकानातही धान्य घेता येईल.

• ई-श्रम नोंदणी करून देणे.

• वनहक्काचा दावा प्रलंबित असलेल्या कुटुंबांची यादी करणे आणि पाहणीची तारीख त्यांना वेळेवर कळवणे. वयस्क माणसांचे जबाब त्यांच्या हयातीतच लिहून घेणे.

वाचकांपैकी जे सुरत, बारडोली, नवसारी भागात राहतात त्यांना खास विनंती आहे. आपल्या जवळच्या पडावावर एकदा जाऊन या. रेशन दुकानदाराशी दोन शब्द बोला. पावरी किंवा भिली आणि गुजराती अशा दोन्ही भाषा येणारी कुणी ताई-दादा ओळखीत असतील तर आम्हाला कळवा, दवाखान्यात त्यांची फार गरज असते. बाकीच्यांनी वह्या आणि पेन पाठवले तरी ते कामी येतील. परदेशी नोकरीचा संदेश आपल्या घरी कामाला येणाऱ्या कुणाला आला असेल, तर हा लेख त्यांना वाचून दाखवा.

परवा तो मुलगा पुन्हा उसात निघाला. ट्रकमध्ये चढताना मला म्हणाला, “ताई, वही संपली. दुसरी द्या.”

मी माझ्या पिशवीतली दिली. तुमच्याकडून येणाऱ्या वह्यांची वाट पाहत आहे.